शिकाऱ्यांनी राखलेली दलदल

मॅनिटोबातली बिग ग्रास मार्श ही दलदल शेतीसाठी आटवली होती. पुढे 1930च्या दशकात दुष्काळ पडला, बदके घटली. 1938 साली स्थापन झालेल्या ‘डक्स अनलिमिटेड कॅनडा’ने तिथे पुन्हा पाणी अडवले, तो संस्थेचा पहिला प्रकल्प. संस्थेमागे होते शिकारी! बदकेच संपली, तर शिकार कशाची करणार?

माझ्या शाकाहारी मनाला हे खटकते. हेतू स्वार्थी असेल, तर त्याला पुण्य म्हणावे का? पण अडवलेले पाणी बेडकांना, बगळ्यांनाही मिळतेच. गोळी लागणाऱ्या बदकाला मात्र हा युक्तिवाद मी ऐकवू शकणार नाही.

तरीही दलदल आटताना नुसती हळहळणारा मी त्या शिकाऱ्यापेक्षा नीतिमान कसा?