महिरपी कंसातील नाव

ज्यांची उभी हयात सरकारी मसुदे लिहिण्यात गेली, त्यांच्या वाट्याला निवृत्तीनंतर सार्वजनिक संस्थेतील कोणते काम येईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. आमच्या येथील मराठी मंडळाचे लहानसे नाट्यगृह आहे. खुर्च्या ३०० च्या आतबाहेर, वर्षाकाठी आठ-दहा मराठी प्रयोग, एरवी इतरांस भाड्याने देण्याची सोय. तिकिटे आता संकेतस्थळावरून विकली जातात. तिकीट घेतले की ई-मेलने पोच जाते, प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्मरणपत्र जाते. देणगीदारास आभाराचे, प्रयोग रद्द झाल्यास दिलगिरीचे, आणि कोणी बरेच दिवस फिरकला नाही तर ‘आपली उणीव भासते’ असेही पत्र जाते. ही पत्रे संगणक पाठवितो. मजकूर मात्र कोणीतरी आधी लिहून ठेवावा लागतो. इंग्रजीतील आयते नमुने व्यवस्थेबरोबरच मिळतात, ते हवे तसे बदलता येतात. असे २१ नमुने मराठीत करण्याचे काम आमच्याकडे आले. प्रत्येक नमुन्यात एके ठिकाणी महिरपी कंस असतो. वेळ येताच ज्याचे त्याचे नाव त्यात येऊन बसते.

काम सोपे वाटले होते. परंतु इंग्रजी नाव जसेच्या तसे वाक्यात कोठेही बसते, मराठी नाव बसत नाही. सुधा या नावास विभक्ती लागली की ‘सुधेस’ व्हावयाचे. यंत्रास सामान्यरूप कोठून ठाऊक असणार? एक तिकीट घेणाऱ्यासही ‘आपली १ तिकिटे’ असे पत्र गेले. नाव पुरुषाचे की स्त्रीचे हेही यंत्रास कळत नाही, त्यामुळे क्रियापदाची पंचाईत. यातून सुटण्याचा एक मार्ग आमच्या हाताला चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप सापडला. ‘नोंद करण्यात आली आहे’, ‘रक्कम परत करण्यात येईल’, ‘प्रयोग रद्द करण्यात आला आहे’. कर्ता काढून टाकला की लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. वाचकांपैकी ज्यांनी कार्यालयीन ज्ञापने लिहिली असतील, त्यांस हे सुख निराळे सांगावयास नको. ज्ञापन तृतीय पुरुषात असते, त्यास ना मायना ना ‘आपला विश्वासू’. पंधरवड्यात २१ नमुने तयार झाले, आणि व्याकरणाची एकही चूक त्यांत उरली नाही.

दिलगिरीच्या नमुन्यात आम्ही लिहिले होते : ‘अपरिहार्य कारणास्तव प्रयोग रद्द करण्यात आला आहे. आम्हांस खेद आहे.’ पुढे दोन महिन्यांनी असे झाले की, ठरलेल्या प्रयोगाच्या दिवशीच एका व्यापारी मेळाव्यासाठी नाट्यगृहास तिप्पट भाडे मिळू लागले. कार्यकारिणीने बहुमताने भाडे स्वीकारले; त्या बहुमतात आमचाही हात वर होता, कारण छत गळत होते. त्याच रात्री ते पत्र १८७ जणांस गेले. कोणीही खोटे बोलले नाही. पत्र लिहावयास कोणी बसलेच नव्हते. परंतु कारण उद्भवण्यापूर्वी दोन महिने आम्ही ते अपरिहार्य ठरवून ठेवले होते, आणि खेद वाटण्यापूर्वी खेद! कारण जन्मास येण्याआधीच त्याची पत्रिका मांडून ठेवणाऱ्यास सत्यवादी म्हणावे काय, हा प्रश्न त्या रात्री आम्हांस प्रथम पडला.

तेच शब्द सर्वांस सांगणे हाच दोष, असे म्हणवत नाही. तसे म्हटले तर नाटकाचाच धंदा गुंडाळावा लागेल. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार प्रेक्षकांस जाणते, रसिक म्हणून गौरवितो. हा गौरव कवीने प्रेक्षक जमण्यापूर्वी कितीतरी आधी लिहिलेला असतो, आणि ज्या गावी प्रयोग होईल तेथील प्रेक्षक जाणतेच निघतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधाराची पदे बांधलेली असत आणि पात्रांची भाषणे मात्र बहुधा आयत्या वेळी सुचतील तशी. बांधलेले ते खोटे आणि सुचलेले ते खरे, असा निवाडा त्या प्रेक्षकांनी केला नसावा. मग सूत्रधाराचा आयता शब्द खपतो आणि आमचा का खटकतो? सूत्रधार तेथे उभा असतो. गौरव न पटल्यास पहिल्या रांगेतील माणूस हसू शकतो, जांभई देऊ शकतो, आणि त्या हसण्याचे सूत्रधारास काहीतरी करावे लागते. आमची पत्रे ज्या पत्त्यावरून जात, त्याखाली ‘कृपया या पत्रास उत्तर देऊ नये’ अशी ओळ होती. ती आयत्या नमुन्यातली. तिचे भाषांतर आम्हीच सुबक मराठीत केले होते.

ती ओळ काढली. उत्तरे आमच्याकडे यावीत अशी व्यवस्था संगणक सांभाळणाऱ्या तरुणाने करून दिली. बहुतेक उत्तरे वाहनतळाविषयीच असतात. एक गुवाहाटीहून आले. सहा वर्षांपूर्वी तिकडे बदली झालेल्या एका गृहस्थांचे नाव यादीत तसेच राहिले होते, आणि दर प्रयोगाचे निमंत्रण त्यांस जात होते. आम्ही नाव कमी करण्याची तयारी दाखविली. त्यांनी कळविले की, तसे कृपा करून करू नये. शनिवारी साडेसहाला तेथे पडदा वर जातो आहे एवढे कळले तरी पुरे. म्हणजे ज्या पत्रात कोणाचेच मन नव्हते, त्याने एका माणसाचे मन सहा वर्षे राखले होते. यावर आम्हांस काही सिद्धान्त मांडता येत नाही.

दुसरे उत्तर डिसेंबरात आले. चौथ्या रांगेतील दोन खुर्च्या एक दांपत्य वर्षानुवर्षे राखून ठेवीत असे. यजमान नोव्हेंबरात वारले. आदल्या दिवशीचे स्मरणपत्र नेहमीप्रमाणे त्यांच्याच नावे गेले : ‘उद्याच्या प्रयोगास आपली वाट पाहत आहोत.’ बाईंनी लिहिले, ‘हे गेले त्यास सव्वा महिना झाला. आपण वाट पाहत आहात हे वाचून बरे वाटले की वाईट, ते सांगता येत नाही.’ आम्ही स्वतः स्मशानात गेलो होतो. लाकडे रचताना त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही उभे होतो. आणि वाट पाहणारे ते वाक्यही आमचेच. आम्ही त्याच संध्याकाळी बाईंकडे गेलो. चहा झाला. त्या विषयावर कोणी बोलले नाही. दोन्ही खुर्च्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत.

तरुण म्हणाला, “काका, नावापुढे एक खूण करण्याची सोय करू. खूण केली की स्मरणपत्रे थांबतील, आणि शोकपत्र आपोआप जाईल. आपण फक्त मजकूर द्या.” पहिली गोष्ट आम्ही तत्काळ मान्य केली, दुसरीस साफ नकार दिला. शोक साच्यात घालता येत नाही, असे काहीसे बोललोही. त्याने शांतपणे विचारले, “नोकरीत साहेबांच्या सहीसाठी आपण अशी पत्रे लिहिलीच असतील ना?” लिहिली होती. अर्धशासकीय पत्राच्या आपुलकीच्या सुरात, जुनी प्रत समोर ठेवून, केवळ नाव व हुद्दा बदलून कित्येक. त्यांतील काही पत्रे त्या त्या घरांत जपून ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. निदान दरवेळी एक माणूस लेखणी उचलीत होता, असे आम्ही म्हणालो. “पण मजकूर तोच असायचा?” तोच असायचा.

तरी नकार कायम ठेवला. पुढील आठ महिन्यांत सभासदांच्या घरी तीन मृत्यू झाले. पहिल्या दोघांच्या घरी आम्ही हाताने पत्र लिहिले, आणि खरे सांगावयाचे तर लिहून झाल्यावर आमचे आम्हांस फार बरे वाटले; किती बरे वाटले, हेच थोडे संशयास्पद आहे. तिसऱ्या वेळी आमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. मग पाऊस, मग उत्सवाची गडबड, आणि त्यानंतर एवढ्या उशिरा काय लिहावयाचे याची लाज. ते पत्र गेले नाही. यंत्राकडे सोपविले असते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गेले असते. परवा त्या गृहस्थांचा मुलगा तिकिटाच्या खिडकीपाशी भेटला. त्याने वाकून नमस्कार केला आणि डोळा आता कसा आहे म्हणून विचारले.

यादीत त्या तरुणाने २२ वा नमुना उघडून ठेवला आहे. आम्ही अधूनमधून तो काढून बसतो. कर्त्यासह एक वाक्य लिहितो, ते कोणत्या घरी कसे वाचले जाईल ते डोळ्यांसमोर आणतो, आणि पुसतो. सध्या त्यात महिरपी कंस तेवढे आहेत.