आधी राज्याभिषेक, मग शांती

आघाताने खचलेल्या मनुष्याने आधी मन सावरावे आणि मग संसाराला हात घालावा, की आधी संसाराला हात घालून मन यथावकाश मागून येईल अशा भरवशावर राहावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो धर्मविचाराच्या गाभ्याचा आहे. लोकरूढीचा कौल पहिल्या पक्षाला आहे. घरातले माणूस गेले, नोकरी सुटली, पेढी बुडाली किंवा असाध्य दुखण्यातून कसेबसे उठणे झाले, की भेटीस येणारा प्रत्येक जण ‘आधी मन शांत करा, बाकीचे मागाहून बघू’ असे सांगून जातो. परंतु आपल्या परंपरेतील शोकाचा सर्वांत विस्तृत विचार ज्या ग्रंथात झाला आहे, त्या महाभारताने घटनांचा क्रम नेमका उलटा लावलेला आहे, आणि तो क्रमच त्याचा खरा उपदेश आहे असे माझे मत आहे.

हा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो मध्यमवयात. तारुण्यात दैवाने घाला घातला तर पुढे काळ शिल्लक असतो, आणि वार्धक्यात घातला तर निरोपाची तयारी बहुधा झालेलीच असते. पण चाळिशी-पन्नाशीच्या मनुष्याच्या एका अंगाला थकलेले आईबाप असतात, दुसऱ्या अंगाला हाताशी न आलेली मुले असतात, आणि मध्ये अर्ध्यावर आलेली कर्जे, अर्धवट बांधलेली घरे आणि दिलेले शब्द असतात. त्याला नवे आयुष्य आरंभण्याची मुभा नसते आणि जुने संपले असे म्हणण्याची सवड नसते. याउलट तारुण्यातच तुकोबांवर १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावण्याचा व व्यापाराचे दिवाळे निघण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांचे वय विशीच्या जरा पुढचे होते. पुढे त्यांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहे. पण तीच परंपरा असेही सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाटणीची निम्मी खते त्यांनी आधी बाजूला काढून दिली. विरक्तीच्या त्या टोकालाही दुसऱ्याच्या हक्काचा हिशेब चुकला नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता युधिष्ठिराकडे वळू. शांतिपर्व उघडते ते गंगेच्या काठी, मृतांना तिलांजली देऊन झाल्यावर. युद्ध जिंकलेले आहे. परंतु पुत्र गेले, पितामह भीष्म शरपंजरी पडले, गुरू पडले, आणि ज्याला आयुष्यभर शत्रू मानले तो कर्ण आपला सख्खा वडील भाऊ होता हे सत्य कुंतीच्या मुखातून युद्ध संपल्यावर बाहेर आले. हे राज्य आपल्याला नको, आपण वनात जातो, असे तो म्हणतो. अर्जुन त्याला अर्थाचे महत्त्व पटवतो, भीम चिडून बोलतो, द्रौपदी तर त्याच्या मनाचा तोल गेला आहे असेच सुचवते; आणि तरीही तो हलत नाही. वानप्रस्थ हा शास्त्रसंमत आश्रम असल्यामुळे त्याच्या पळून जाण्याला धर्माचे वस्त्रही लाभलेले आहे. वैराग्य आणि वैताग यांचा वेश बाहेरून सारखाच दिसतो, आणि तो पांघरणाऱ्यालाही पुष्कळदा आतला फरक कळत नाही.

या ठिकाणी व्यास जो युक्तिवाद करतात तो मला सगळ्या शांतिपर्वात अत्यंत मोलाचा वाटतो. घडले त्याचा कर्ता कोण, असा प्रश्न उभा करून ते चार पर्याय मांडतात : ईश्वर, स्वतः मनुष्य, निव्वळ यदृच्छा, किंवा पूर्वकर्म. कर्ता ईश्वर मानला तर, कुऱ्हाडीने झाड तोडल्याचा दोष कुऱ्हाडीला लागत नाही, त्याप्रमाणे दोष निमित्ताकडे येत नाही. अशा रीतीने एकेक पर्याय तपासून ते ज्या निष्कर्षाला येतात तो असा की, यांपैकी कोणताही पर्याय खरा धरला तरी पुढचे कर्तव्य बदलत नाही. केलेल्याचे प्रायश्चित्त करायचे आणि स्वधर्म आचरायचा. कारणमीमांसेचा निकाल लागेपर्यंत जगणे तहकूब ठेवावे, ही आर्तांची स्वाभाविक इच्छा असते. ‘माझ्याच वाट्याला हे का’ या प्रश्नाची फिर्याद घेऊन मनुष्य वर्षानुवर्षे एकाच दरबारात उभा राहतो. व्यास ती फिर्याद खोटी ठरवीत नाहीत. तिच्या निकालावाचूनही उद्याचा दिवस उजाडणार आहे आणि त्या दिवसाची काही कामे आहेत, एवढेच ते दाखवून देतात.

प्रारब्धाच्या सिद्धान्ताचा आपल्याकडे जो विपर्यास होतो, त्याचेही उत्तर यात सापडते. आपल्या दुःखाकडे पाहताना ‘हे माझे प्रारब्ध’ असे मनुष्य स्वतः म्हणाला, तर त्यात कधी कधी नम्रता असते आणि थोडा विसावाही असतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून उच्चारले, की त्याचे क्रौर्य होते. बुडालेल्या गृहस्थाला त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माचा ताळेबंद दाखवणारा शेजारी धर्म सांगत नसून, आपल्यावर येऊ शकणाऱ्या मदतीच्या जबाबदारीतून फारकत घेत असतो.

पुढे काय घडते ते क्रमाने पाहावे. युधिष्ठिर उठतो, हस्तिनापुरात प्रवेश करतो आणि त्याला राज्याभिषेक होतो. या वेळी त्याचा शोक शमलेला नाही, आणि त्याच्या समाधानासाठी शरपंजरावरून होणारा भीष्मांचा दीर्घ उपदेश अद्याप सुरूही झालेला नाही. तो अभिषेकानंतर येतो. शांतीच्या आधी येतो तो राज्याचा बंदोबस्त : भीमाला यौवराज्य, विदुराकडे मसलत, संजयाकडे जमाखर्च, नकुलाकडे सैन्याची गणती आणि त्याचा पगार, अर्जुनाकडे परचक्राचा प्रतिकार, धौम्यांकडे देवब्राह्मणांची कार्ये. ज्याने सर्वस्व गमावले त्याच्या पुनरुत्थानाचा पहिला अध्याय खातेवाटपाचा असावा, हे व्यासांच्या प्रतिभेचे मोठे धारिष्ट होय.

यावर असा आक्षेप येईल की कामात बुडवून घेणे म्हणजे दुःखाकडे पाठ फिरवणे होय, आणि दडपलेले दुःख आज ना उद्या व्याजासह वसूल होते. आक्षेप रास्त आहे. परंतु युधिष्ठिराने हाती घेतलेली कामे कोणती आहेत ते पाहिले पाहिजे. रणात पडलेल्या आप्तांची तो श्राद्धे करतो, आणि ज्यांच्या मागे कोणी उरले नाही अशांचीही करतो. मृतांच्या नावे धर्मशाळा, पाणपोया आणि तलाव बांधवितो. पती व पुत्र गमावलेल्या स्त्रियांच्या निर्वाहाची तजवीज करतो. आणि ज्याच्या मुलांशी युद्ध झाले त्या धृतराष्ट्राला मान देऊन कुटुंबप्रमुखाच्या जागी ठेवतो. यांतले प्रत्येक काम त्याच्या दुःखाच्या तोंडासमोर उभे राहून करण्याचे आहे. रोज सकाळी ज्या वृद्धाचे दर्शन घ्यायचे, त्याचे शंभर पुत्र आपल्या पक्षाने मारले आहेत, हे विसरून ते दर्शन होत नाही. विस्मृतीसाठी केलेला उद्योग आणि ऋण फेडण्यासाठी केलेला उद्योग यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे; पहिल्याने मनुष्य थकतो, दुसऱ्याने तो हळूहळू पुन्हा माणसांत येतो.

हळूहळू हा शब्द मी बुद्ध्या वापरला. राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म यांचे एवढे अफाट विवेचन ऐकून झाल्यावरही, आश्वमेधिक पर्वाच्या आरंभी, भीष्मांना जलांजली देऊन गंगेतून वर येताना युधिष्ठिर पुन्हा कोसळतो. महाभारतातील सर्वांत मोठे पर्व त्याच्या समाधानासाठी खर्ची पडले आणि तरी शोक परतला, हे कवीने लपवलेले नाही. दुःखाची उलटी लाट आली म्हणजे आजवरचे सावरणे फुकट गेले, असे मानून जे आयुष्याला दुसऱ्यांदा रामराम करू पाहतात, त्यांनी हा आरंभ अवश्य वाचावा. या दुसऱ्या खेपेला व्यास अश्वमेध करण्यास सांगतात. युधिष्ठिराचे उत्तर असे की खजिना रिकामा आहे, आणि बाप गमावलेल्या कोवळ्या राजपुत्रांकडून, त्यांच्या जखमा ओल्या असताना, द्रव्य मागणे आपल्याला शक्य नाही. शोकात पडलेल्या राजाला दुसऱ्यांचा शोक दिसू लागला, हे त्याच्या बरे होण्याचे पहिले खरे लक्षण. यावर व्यास तत्त्वज्ञान सांगत नाहीत. मरुत्त राजाच्या यज्ञात उरलेले सोने हिमालयात कोठे पडले आहे ते सांगतात.

आणि वन? तेही त्याला नाकारलेले नाही. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी परीक्षिताला गादीवर बसवून, जबाबदाऱ्या सोपवून, पांडव महाप्रस्थानाला निघतात. त्याच दिशेने, त्याच पावलांनी, पण आता पाठीमागे कोणाचे देणे ठेवलेले नाही.

तथापि एक गोष्ट या कथेत उघड आहे, आणि ती बोलल्यावाचून सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुरुषाने वनात जाऊ नये म्हणून सर्व कुटुंब त्याची मनधरणी करते. आपल्या समाजाने विधवेला मात्र घरातच सक्तीचे वन बहाल केले होते. रमाबाई रानडे यांना वैधव्य आले ते १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची ३९ वर्षे पुरी व्हायला अवघे नऊ दिवस असताना. ज्या पतीने अक्षरओळखीपासून शिकवले, त्याच्या पश्चात काही काळ त्या लोकांतून दूर राहिल्या. मग त्या बाहेर आल्या, तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या, आणि १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेथे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने त्यांनी प्रौढ स्त्रियांचे शिक्षण आणि परिचारिकांची तयारी ही कामे अंगावर घेतली. सोवळ्यातल्या घरांतील तरुण विधवांनी परक्या रुग्णांची शुश्रूषा शिकावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१०चे, म्हणजे सेवासदनाच्या आरंभानंतरचे. तेथेही आधी कार्य आणि मग स्मृतीची मांडणी, असाच क्रम दिसतो. युधिष्ठिराला कोणी तरी राज्यावर बसवले. रमाबाईंना बसण्याची जागाच समाजाने ठेवलेली नव्हती, ती त्यांना घडवावी लागली, म्हणून त्यांचा पुरुषार्थ मला अधिक दुर्मीळ वाटतो.

या सर्वांतून निघणारा निर्णय मी असा करतो : शांती ही पुनर्रचनेची पूर्वअट नव्हे, ती पुनर्रचनेचे फळ आहे, आणि तेही पूर्ण पिकेलच असे नाही. म्हणून जो मध्यमवयात कोसळला आहे त्याने आपण समाधानी कधी होऊ असे विचारू नये. आपण कोणाचे काय देणे लागतो याची यादी करावी आणि त्यातली सर्वांत लहान बाब आज हाती घ्यावी. आणि ज्यांना अशा मनुष्याच्या सांत्वनासाठी जायचे आहे त्यांना माझी विनंती आहे की, त्याला प्रारब्ध सांगू नका आणि मन शांत ठेवण्याचा उपदेशही करू नका; रिकाम्या झालेल्या त्याच्या घरासाठी काम कोठे मिळेल, उसनवार कोण देईल, मुलाच्या फीची सोय कशी लागेल, याची माहिती काढून मगच त्याच्या दाराशी जा.