पायाचा भाव

अमरावतीच्या राजकमल चौकात माझा उजवा पाय मोडला, त्यात चूक माझी की टेम्पोवाल्याची, हे पहिल्या दिवशी कुणीच विचारलं नाही. जो येई तो एकच विचारी, "वकील केला का?" हाड सांधायला डॉक्टर लागतो हे मला ठाऊक होतं. तोंडात थर्मामीटर असताना वकीलही लागतो, हे त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

प्लास्टर वाळायच्या आत एक गृहस्थ कॉटशी येऊन बसले. मी त्यांना बायकोच्या माहेरचे समजलो, बायको त्यांना माझ्या शाळेतले समजली, आणि या गैरसमजावर त्यांनी आमचा चहा घेतला. मग म्हणाले, "सर, काही काळजी करू नका. सही तेवढी करा. आधी एक रुपया नाही. भेटतीन त्यातले तीस टक्के आमचे." आमचे म्हणजे नक्की कुणाचे, हे त्यांनी सांगितलं नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला दाव्याच्या रकमेत असा वाटा ठरवता येत नाही, हे मला मागाहून समजलं. त्याला जाहिरातही करता येत नाही. अमेरिकेत म्हणे अपघाताचे वकील हमरस्त्यावर आपल्या फोटोसकट पाट्या लावतात. आपल्याकडे हे काम नातेवाइकांकडे आहे.

आता अपघात झाला अमरावतीत, मी राहायला अकोल्यात. आणि कायदा असा उदार, की अर्ज अपघात झाला तिथल्या न्यायाधिकरणात करा, नाहीतर तुम्ही राहता तिथल्या. या एका कलमानं आमच्या घरात जे लावून दिलं ते अजून निस्तरलेलं नाही. थोरले मेव्हणे अमरावतीचे. ते म्हणाले, "वकील अमरावतीचाच पाहिजे. दादासाहेब खापर्ड्यांचं गाव आहे हे! टिळकांसाठी १९०८ साली विलायतेला गेले ते. आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष मुधोळकर? तेही इथलेच वकील." अकोल्याचा चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, "भौ, अमरावतीले वकील मोठे झाले, खरी गोष्ट आहे. पण जितेजागते आमच्याकडे हायेत." ऑपरेशनचे पैसे चुलतभावानंच दिलेले होते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मला आपोआपच जास्त तथ्य वाटलं. शिवाय घाईही होती, कारण २०१९ च्या दुरुस्तीनं अशा अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

दोघांच्या भांडणात माझ्या मनातला प्रश्न राहूनच जाई. दुखलं मला, त्याचे पैसे घ्यायचे का? माझ्या वडिलांच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं, तेव्हा त्यांनी गाडीवानालाच घरी आणून जेवू घातलं. ही गोष्ट आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगतात. मात्र त्या काळी पायात स्टीलची सळई घालत नसत, एरंडाचा पाला बांधत. एरंड परसात होता. पाल्याचं बिल येत नसे.

माझ्या शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरकडचे एक सुतार होते. अडतीस वर्षांचे. ट्रकनं उडवलं आणि उजवा हात मनगटापासून गेला. आमची मैत्री झाली ती भावावरून. चुलतभावानं कुठूनसं भावाचं कोष्टक आणलं होतं. २००९ च्या सरला वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या माणसाला अठरा, मग उतरत उतरत पासष्टीपुढे पाच. वर्षाची जी कमाई बुडाली तिला या आकड्यानं गुणायचं. मी अकरावर होतो, सुतारदादा पंधरावर. भाजीबाजारात उशिरा आलेल्या माणसासारखं मला वाटलं.

पुढचं त्याहून वाईट. २०१० च्या आणखी एका निकालात त्याच न्यायालयानं समजावलं आहे, की अवयव किती गेला हे एक आणि कमाई किती गेली हे दुसरं. त्यांचं उदाहरण डाव्या हाताचं आहे. तोच हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा गेला तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकुनाचा गेला तर कदाचित नोकरी जाणारही नाही. मी मास्तर. लंगडत वर्गात गेलो तरी पगार पुरा. म्हणजे कमाईच्या हिशेबात माझ्या पायाचा भाव शून्याच्या आसपास. उपचारांचा खर्च आणि वेदनांचं काय ते मिळेल तेवढंच. कबूल करायला लाज वाटते, पण त्या रात्री मला सुतारदादांचा हेवा वाटला. हात नसलेल्या माणसाचा, दोन हात असलेल्या माणसाला!

सकाळी ते म्हणाले, "गुरुजी, एक विचारू? माह्या हाताचे लाखानं पैसे होतीन म्हन्ते तुमचा भाऊ. मंग इतके दिवस तो आठशे रुपये रोजानं काहून जात होता?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

महिन्याभरानं टॅक्सीत पाय आडवा टाकून अकोल्याला निघालो. याच रस्त्यावर लोणी ते माना जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर एकशे पाच तास तेहेतीस मिनिटांत टाकून जागतिक विक्रम केला होता. आपल्या वऱ्हाडात एवढं लवकर काही होतं या विचारानं धीर आला. तो कोर्टाच्या फाटकापर्यंत टिकला.

वकीलसाहेब वयस्कर होते. कोटाचा काळा रंग आता करडा म्हणावा असा झालेला. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि महिन्याभरात कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "चूक कोणाची होती?"

मी हातगाडीवरच्या संत्र्यांकडे बघत दुभाजकावरून उतरलो होतो. टेम्पोवालं पोरगं "सरका, सरका!" असं ओरडलं होतं. ते मी ऐकलंही होतं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय. हे मी तोवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. तोंडानं सरळ येईना, म्हणून मी मनूच्या आडोशाला गेलो. म्हटलं, "गाडीवानानं 'बाजूला व्हा' असं ओरडून सांगितलं असेल तर त्याला दंड नाही, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे."

"मनूच्या काळी विमा कंपन्या नव्हत्या," ते म्हणाले. "ओरडला होता का?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. पोलिसांच्या कागदांत सगळा दोष पोराचा होता आणि त्याच्यावर फौजदारी खटला होता. मी खरं सांगितलं तर दोषाचा काही भाग माझ्या पदरात पडेल, रकमेत तेवढे टक्के कापले जातील, पण पोराला तिकडे आधार होईल. लपवलं आणि उलटतपासणीत निघालं, तर माझ्या बाकीच्या शब्दांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. हे त्यांनी इतक्या कोरडेपणानं सांगितलं, की खरं बोलण्याचा जो मोठेपणा मला मिळायचा होता तो निव्वळ व्यवहारात जमा झाला. चुलतभाऊ खिडकीबाहेर बघत होता. त्याचे पैसे त्या टक्क्यांतूनच फिटायचे होते.

शेवटी मी म्हणालो, "ओरडला होता असंच लिहा." लगेच म्हणालो नाही. एक चहा येऊन गेला, दुसरा मागवला, तोही संपला, मग म्हणालो. चुलतभाऊ परत येताना बोरगाव मंजूपर्यंत गप्प होता. तिथं उतरून त्यानं माझ्यासाठी अर्धा डझन संत्री घेतली आणि म्हणाला, "घे. आता गाडीतूनच पाहा."

सुतारदादांनाही मी त्याच वकिलांकडे नेलं. तारखा आमच्या बहुतेक एकाच दिवशी पडतात. बाकावर शेजारी बसतो. ते आता डाव्या हातानं चहाचा कप धरायला शिकलेत. थोडा सांडतो, माझ्या बाजूला.