दोष कोणाचा, भरपाई कोणाची?

नुकसान झालेले डोळ्यांना दिसते आहे, पण ते कोणामुळे झाले हे छातीठोकपणे सांगता येत नाही, अशा वेळी माणसाने कसे वागावे? आपल्याकडे याची दोन उत्तरे तयार असतात. एक, ‘जाऊ द्या, आपलं प्रारब्ध.’ दुसरे, ‘सगळे चोर आहेत, सोडू नका.’ पहिले उत्तर भक्तीचे वाटते, दुसरे न्यायाचे. मला मात्र दोन्ही आळसाची वाटतात, कारण दोन्हींत चौकशीचे कष्ट वाचतात.

हा विचार सुचला तो माझ्या मोटारसायकलमुळे. गाडी शंभर सीसीची, अकरा वर्षे वापरलेली. सांगलीतल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतले, ऑइल बदलले, बिल दिले. त्यानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी, नरसोबाच्या वाडीला दर्शनाला निघालो. जयसिंगपूर मागे पडले आणि शिरोळच्या अलीकडे इंजिनातून कडकड आवाज येऊन गाडी बंद पडली. किक खाली जाईना. पिस्टन जाम झाला होता. सर्व्हिसिंगनंतर गाडी जेमतेम 340 किलोमीटर चालली होती. टेम्पोत घालून ती त्याच गॅरेजला परत आणली. खर्चाचा अंदाज निघाला साडेआठ हजार रुपये.

मालक म्हणाले, "काका, गाडी जुनी झाली. ऑइल खात असणार. आम्ही माप भरून ऑइल टाकलंय." माझा पुतण्या म्हणाला, "काका, टाकलंच नसेल ऑइल. सरळ तक्रार ठोका."

आता कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण आपण सगळेच जाणतो. सर्व्हिसिंगनंतर बिघडले, एवढ्यावरून सर्व्हिसिंगमुळेच बिघडले असे ठरत नाही. पण प्रत्येक वेळी हाच कावळा पुढे केला, तर जगात कोणीच कशाला जबाबदार राहणार नाही.

बँकेत आम्हाला एक चांगली सवय लागली होती. ताळा जुळला नाही, तर फरकाची रक्कम उगाच कोणाच्या नावे टाकायची नाही. ती सस्पेन्स खात्यात ठेवायची आणि व्हाउचर शोधायचे. मात्र ते खाते कायमचे उघडे ठेवायचीही मुभा नसे. एक ना एक दिवस त्याचा निकाल लावावाच लागे. माझ्या मनातला संशय मी असाच ठेवला आणि मालकांना म्हणालो, "इंजिन माझ्यासमोर उघडा. मी इथं बसतो."

इंजिन उघडले. ऑइल निघाले पाव लिटरच्या आसपास, म्हणजे असायला हवे त्याच्या चौथाईइतके. ड्रेन बोल्ट जागेवर होता, पण इंजिनाच्या खालच्या बाजूला तेलकट धुळीचा थर बसला होता. बोल्टचा वॉशर चेपून सपाट झालेला. हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आणि प्लग तेलाने ओला, काळा. म्हणजे ऑइल गळलेही असेल आणि जळलेही असेल. जॉब कार्डावर ‘ऑइल चेंज’ पुढे बरोबरची खूण होती, किती टाकले ते लिहिलेले नव्हते.

मी विचारले, "मी कोणावर आळ घेत नाही. एवढंच सांगा, हा वॉशर नवीन घातला होता का?"

मालक म्हणाले, "घातलाच असणार."

शेजारी पाने-स्पॅनर पुसत बसलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा हळूच म्हणाला, "न्हाई मालक. नवे वायसर संपलेवते. जुनाच लावला मी."

मालकांचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे काका. तुमचे सगळे पैसे ह्याच्या पगारातून कापून देतो."

खरा प्रश्न इथे उभा राहिला. माझी मागणी पुरी होत होती. पण पैसे येणार होते ते त्या गॅरेजमध्ये खरे बोललेल्या एकट्या माणसाच्या खिशातून. ते मी घेतले असते, तर त्या पोराला काय शिकवण मिळाली असती? पुढच्या वेळी गप्प बस, हीच ना?

इथे पुन्हा बँक आठवली. संध्याकाळी रोकड मोजताना शंभर रुपये कमी भरले, तर कॅशियरने ते पदरचे भरायचे, असा रिवाज. पण म्हणून त्याला कोणी चोर म्हणत नसे. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची रक्कम दुसऱ्यात टाकली की हिशेब कधीच जुळत नाही. आणि आणखी एक गोष्ट. रोकड हाताळायच्या जोखमीबद्दल कॅशियरला वेगळा भत्ता मिळत असे. जोखमीचा मोबदला ज्याला, जोखीम त्याच्या माथी. त्या पोराला असा कोणता भत्ता मिळत होता? सर्व्हिसिंगचा नफा मालकांचा, दुकानात वॉशर आणून ठेवायचे काम मालकांचे, बिलावर नावही दुकानाचे.

बी.कॉम.ला आम्हाला 1872 चा भारतीय करार कायदा होता. त्याच्या 151 व्या कलमात सांगितले आहे की, दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आली की, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तिची घ्यावी. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते. आज वाटते, कायद्याच्या भाषेत लिहिलेला हा धर्मच आहे.

मी मालकांना म्हणालो, "स्वतःच्या गाडीला तुम्ही हा चेपलेला वॉशर चालवून घेतला असता का? नसता ना? मग भरपाई दुकानानं द्यायची. ह्या पोराच्या पगाराला हात लावणार असाल, तर मला एक रुपयाही नको."

मालक जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा काका, काय करायचं ते."

आता माझ्या बाजूचा हिशेबही सरळ हवा. रिंगा अकरा वर्षांत झिजल्या, तो घसारा मालकीबरोबर येतोच; तो गॅरेजवर कसा टाकायचा? जुन्याच्या जागी नवा बोअर-पिस्टन फुकट मिळाला, तर तो माझा नफा झाला, भरपाई नव्हे. म्हणून ठरले असे : अडीच हजारांची मजुरी दुकानाची आणि सहा हजारांचे सामान निम्मे-निम्मे. मी तीन हजार दिले. पगार कापणार नाही, हा शब्द मालकांनी त्या पोरासमोर दिला.

मालक अडून बसले असते, तर मी ग्राहक आयोगाकडे गेलो असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत दिली आहे. हक्क मागणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे, आणि न मागणे म्हणजे क्षमा नव्हे. जे मागितलेच नाही, त्याची क्षमा कसली करणार?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांचे चोवीस गुरू आले आहेत. त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. कामात तो इतका गढलेला की शेजारून राजा गेलेला त्याला कळला नाही. त्या पोराकडेही अशीच एकाग्रता हवी, असे आपण सहज म्हणून जातो. पण मी गॅरेजमध्ये दोन तास बसलो होतो. तेवढ्या वेळात त्याला सहा हाका आल्या. ‘ए, ती गाडी बघ, त्याची पंक्चर काढ, चहा आण.’ हाताखालच्या माणसाला एका कामात मन लावू देणे, हेही मालकाचे कर्तव्यच आहे. आणि गाडी तासाभरात हवी म्हणून घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांचेही.

ऑइल गळले किती आणि जळले किती, ते शेवटपर्यंत नक्की कळले नाही. त्यावाचून काही अडलेही नाही. आपण वाचकही केव्हा ना केव्हा अशी भरपाई मागाल. जरूर मागा, हातातले कागद नीट बघून मागा. फक्त पैसे हातात घेण्याआधी एकदा विचारा, हे नेमके कोणाच्या खिशातून येत आहेत?