दुरुस्त वस्तू तीच की दुसरी?

बिनतारी ट्रिमरची चार्जिंगची पिन रोज ओढली की सॉकेटचा सोल्डरचा डाग तडकतो आणि बॅटरी चांगली असूनही यंत्र बंद पडते. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी त्यावर उपाय साधा आहे: बॅटरीची तार सोडवायची, जुना डाग वितळवून सॉकेट काढायचे, त्याच मापाचे नवे बसवायचे, धन-ऋण टोके मल्टीमीटरवर तपासून पुन्हा डाग द्यायचा.

मग यंत्र तेच राहिले का? वैशेषिक दर्शनानुसार अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळा असतो. अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातील भिक्खू नागसेन रथाचे उदाहरण देऊन सांगतो की ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. शेवगावशेजारच्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्या गीतेवर टीका सांगितली, ती जीर्ण वस्त्रांचा दाखला देते. पण तो दाखला देह बदलणाऱ्या आत्म्याचा आहे. यंत्राला असा टिकणारा आत्मा नाही. त्याचे ‘तेपण’ कामात आणि वापरणाऱ्याच्या नात्यात असते.

हे नाते टिकवायचे की वस्तू टाकायची, हे आपणच ठरवतो; म्हणूनच दुरुस्ती हा धर्माचाही प्रश्न ठरतो. पतंजलींच्या पाच यमांत आणि जैनांच्या पाच व्रतांत अपरिग्रह आहे: गरजेपुरतेच बाळगावे. एका सॉकेटपायी अख्खे यंत्र फेकले, तर त्यातील तांबे आणि लिथियम वाया जाते, नवा संग्रह वाढतो. जे जोडता येते ते जोडणे, हाच अपरिग्रहाचा रोजचा आचार होय.