प्रभूची मूठ

(शास्त्रपाठ : १ राजे १७ : ८-१६, लूक ४ : २५-२६)

वर दिलेले दोन्ही पाठ आपापल्या शास्त्रातून आधी वाचून घ्यावे, अशी विनंती आहे. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आहाब राजाच्या कारकिर्दीत पाऊस पडेनासा झाला, करीथ ओहोळाचे पाणी आटले, आणि एलीया संदेष्टा सीदोन प्रांतातील सारफथ गावी गेला. वेशीपाशी एक विधवा काटक्या वेचीत होती. तिच्या घरी मडक्याच्या तळाशी मूठभर पीठ व कुपीत थोडेसे तेल, एवढेच उरले होते. त्याची भाकर करून आपण व आपल्या मुलाने खावी आणि मग मरणाची वाट पाहावी, असा तिचा विचार होता. तिच्याजवळ एलीयाने पाणी मागितले, भाकर मागितली, आणि वर असेही सांगितले की आधी माझ्यासाठी कर, मग तुम्हां दोघांसाठी.

ह्या पाठावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, व मंडळीचा वडील ह्या नात्याने एकदोनदा स्वतःही बोललो आहे. परंतु त्यातील मर्म मला उपासनामंदिरात कळले नाही. ज्या घरी पाऊल ठेवण्याची आम्हां मुलांस मनाई होती, अशा एका घरातील जात्यापाशी ते कळले. ती हकिकत आज सांगतो.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले. त्या जिल्ह्यास तेव्हा अहमदनगर म्हणत, आता अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरास आले, व त्यांच्या कार्यातून ज्या अनेक खेडेगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी आमची एक. मंदिर म्हणजे मातीच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. शनिवारी बाया ती सारवीत व रविवारी त्याच जमिनीवर उपासना होई. १९७० सालच्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस नागपूर येथे अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी त्याचा अर्थ आम्हांस दोन रविवार समजावून सांगितला. तो आम्हांस कितपत समजला हे प्रभू जाणे. दारावरची पाटी नवी रंगवली गेली, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

ह्या मंडळीत मुठीची चाल होती. बाईने दळण घ्यावयाचे, त्यापूर्वी सुपातील एक मूठ धान्य काढून फळीवरच्या निराळ्या गाडग्यात टाकावयाचे. ती प्रभूची मूठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, साऱ्या बाया आपापले धान्य फडक्यात बांधून आणीत व वेदीपुढच्या पोत्यात ओतीत. ते विकून आलेला पैसा पाळकाच्या पगारास लागे. अशी चाल आमच्याच गावी होती असे नव्हे. दूर मिझोरामच्या डोंगरांतील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली तांदळाची मूठ काढण्यास आरंभ केला आणि ती अद्याप चालू आहे. माझी आई पहाटे जात्यावर बसली म्हणजे टिळकांची भजने म्हणे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले; तिने त्यांना पाहिले असणे शक्यच नव्हते, परंतु घरच्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावे तसे ती त्यांच्याविषयी बोले. भजन सुरू होण्याआधी मूठ गाडग्यात पडल्याचा खुळखुळ आवाज येई, आणि तो ऐकून आम्ही मुले कूस बदलीत असू.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आदल्या वर्षीही पाऊस धड झाला नव्हता. त्या वर्षी तर ज्वारीची कणसे भरलीच नाहीत. माझे आईवडील सरकारी कामावर खडी फोडण्यास जात. कामावर सुकडी मिळे, ती आई पदरात बांधून आम्हांसाठी घेऊन येई. रेशनच्या दुकानात मिलो मिळू लागला. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकर थापताना चिरत असे व खाताना घशात अडकत असे. अशा दिवसांतही आई सुपातून मूठ काढीत राहिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो व भुकेने चिडखोर झालो होतो. एके पहाटे मी तिला विचारले, “देव असलं खातो का?” ती म्हणाली, “देव खात नाही. ज्याला खायचं त्याला पोचतं.” आणि जाते ओढू लागली.

आता ज्या घराविषयी सांगावयाचे त्याकडे येतो. वडिलांचे चुलतभाऊ आमच्या शेजारच्याच मळ्यात राहत. दोन्ही घरांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून सहा वर्षांपूर्वी तंटा झाला, काठ्या निघाल्या, व तेव्हापासून बोलणेचालणे बंद झाले. दोन्ही घरे एकाच मंदिरात येत, एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेत, आणि दारातून बाहेर पडताच एकमेकांकडे पाठ करीत. पाळकांनी दोन वेळा मध्यस्थी करून पाहिली; तिसऱ्या वेळी त्यांनी तो नाद सोडला. दोष कोणाचा होता हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्या घरी तो सर्वस्वी काकांचा होता, हे सांगणे नलगे.

त्या उन्हाळ्यात खाणीवर दगड पडून काकांचा पाय मोडला. मजुरी बंद झाली. घरात तीन लेकरे. त्या महिन्यात मंडळीच्या पंचांनी ठरवले की मुठीचे धान्य विकावयाचे नाही, चार गरजू घरांस वाटावयाचे. पाळकसाहेबांचा पगार त्यामुळे तुटणार होता आणि तरीही सूचना त्यांचीच होती, हे मला फार पुढे कळले. चार घरांपैकी एक घर काकांचे. ते आमच्या वाटेवरचे, म्हणून त्यांचा वाटा आमच्या आईच्या स्वाधीन झाला. पंचांनी हे सहज केले की जाणूनबुजून, कोण सांगेल? वडील मान खाली घालून बसले होते. ते नेणार नव्हते, व त्यांच्यादेखत आई जाणार नव्हती. राहता राहिलो मी.

बोचके सुमारे दोन पायल्यांचे होते. वाटेत ती विहीर लागते. मी तिच्या काठावर बसलो व आत डोकावून पाहिले. जिच्यासाठी सहा वर्षे वैर चालले होते, ती कोरडी पडली होती. तळाशी चिखलाच्या खपल्या तेवढ्या होत्या. इतकी कोरडी विहीर पाहून काही शहाणपण सुचावयास हवे होते. मला सुचले ते निराळेच. ह्या धान्यात आमच्या आईची मूठ आहे, आमच्या पोटातून काढलेली, आणि ती ह्यांनी खावी काय? मी बोचके सोडले, दोन मापटी मिलो आपल्या सदऱ्यात बांधून घेतला, आणि बाकीचे काकांच्या ओट्यावर ठेवून पळत आलो. चोरलेले धान्य आमच्या रिकाम्या कणगीत दडवले.

चार दिवसांनी ते उघडकीस आले. कणगीत चिमण्या शिरू लागल्या, म्हणून आईने आत पाहिले. तिने मला मारले नाही. “हे कोणाचं घेतलंस?” असे तिने विचारले. मी म्हणालो, “काकाचं.” ती म्हणाली, “काकाचं नव्हतं ते.” मग दाणा न् दाणा वेचून फडक्यात बांधला व माझ्या हाती दिला. मी रडू लागलो, तू बरोबर ये म्हणालो. “घेताना एकटाच होतास,” एवढेच ती बोलली.

काका बाजेवर पडले होते. पायास कामट्या बांधलेल्या. मी दारात उभा राहून जे सांगावयाचे ते कसेबसे सांगितले. त्यांनी ऐकले आणि भिंतीकडे तोंड केले. काकी जात्यापाशी बसली होती. तिने उठून माझ्या हातून फडके घेतले, धान्य सुपात ओतले, आणि त्यातील एक मूठ उचलून फळीवरच्या गाडग्यात टाकली. मग जात्याच्या तोंडात वैरण घालू लागली. फळीवरचे गाडगे आमच्या गाडग्यासारखेच होते. थोड्या वेळाने मान वर न करता ती म्हणाली, “आईला सांग, पोचलं म्हणून.”

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मी धावत घरी आलो, ते काही तरी फार मोठे पाहिल्यासारखा. पण काय पाहिले हे सांगता येईना. दानाचे धान्य, तेही चोरीचे होऊन परत आलेले, आणि घरात तीन भुकेली लेकरे. तिने त्यातूनही प्रभूची मूठ आधी काढली. ती मूठ पुढल्या महिन्यात कोणाच्या घरी जाणार होती? कदाचित आमच्याच.

सारफथच्या कथेविषयी दोन गोष्टी मला तेव्हापासून खटकतात. पहिली ही की, देवाने त्या विधवेचे मडके भरून टाकले, असे आपले उपदेशक हौसेने सांगतात. शास्त्रात तसे नाही. पीठ सरले नाही, तेल आटले नाही, इतकेच तेथे आहे. म्हणजे रोज सकाळी त्या बाईने मडक्यात हात घालावा तेव्हा तळ हातास लागतच असावा. उद्याची तजवीज तिला कधी दिसली नाही. देवाने कोठार भरून दिले असते तर ती एकदाच उपकार मानून मोकळी झाली असती. त्याने तिला रोजची मूठ दिली, म्हणून तिला रोज विश्वास ठेवावा लागला. माझी आई वर्षभर कणगीत डोकावून मूठ काढी, तिला हे कोणी शिकवले नव्हते.

दुसरी गोष्ट बोलण्यास कठीण आहे, तरी बोलतो. गरिबांकडून वर्गणी काढण्यास ह्या पाठाचा उपयोग करताना मी पाहिला आहे, आणि तो मला आवडत नाही. एलीया भाकर मागून निघून गेला नाही. तोही उपाशी होता. तो तिच्याच घरी राहिला, तिच्याबरोबर त्याच मडक्यातले खाल्ले, आणि तिचा मुलगा मेला तेव्हा त्याला कवटाळून देवाजवळ रडला. जो उपदेशक विधवेचे पीठ घेतो पण तिच्या चुलीपाशी बसत नाही, त्याने दुसरा पाठ शोधावा. आमचे पाळकसाहेब आपला पगार तोडून घेऊन हा पाठ वाचीत, म्हणून त्यांच्या तोंडी तो शोभे.

आणि ती बाई कोण होती? एलीयाचा जीव घेऊ पाहणारी ईजबेल राणी सीदोनच्याच राजाची मुलगी. म्हणजे हे शत्रूच्या मुलखातले घर. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात नेमक्या ह्या गोष्टीची आठवण दिली. इस्राएलात विधवा पुष्कळ असता एलीयाला परक्या मुलखातील एकीकडे पाठवण्यात आले, असे म्हणताच मंडळी इतकी संतापली की त्याला कड्यावरून लोटून देण्यास निघाली. लहानपणी मला त्या लोकांचा राग येई. विहिरीच्या काठावर बसून मी काय केले होते, हे आठवल्यापासून येत नाही.

आमच्या दोन घरांची गोडी पुढे झाली का, असे कोणी विचारील. १९७३ साली पाऊस चांगला झाला, विहिरीस पाणी आले, आणि पाण्याबरोबर पाळीचा तंटाही परत आला. माझे वडील व काका गळ्यात गळा घालून रडले, असे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. आई व काकी मात्र त्या उन्हाळ्यापासून मंदिरात शेजारी बसू लागल्या, व त्याबद्दल दोन्ही घरच्या पुरुषांनी काही न पाहिल्यासारखे केले. पुष्कळ वर्षांनी काका अंथरुणास खिळले, तेव्हा वडील संध्याकाळी त्यांच्या बाजेशी जाऊन बसत. काय बोलत ते मला ठाऊक नाही. बहुधा काहीच नसावे.

मी आता शहरात राहतो. आमच्या मंडळीत धान्य येत नाही, दानाची पाकिटे येतात; कापणीच्या सणास तेवढे भोपळे, अंडी व एखादे कोंबडे वेदीपुढे मांडले जाते व त्यांचा लिलाव होतो. पाकीट देण्यास मला कधी जड गेले नाही. पगारातून, आता निवृत्तिवेतनातून, ते सहज निघते. ते कोणाच्या घरी पोचते हेही कधी पाहावे लागले नाही.

परंतु गेल्या रविवारी पंचांच्या बैठकीत मदतीची यादी माझ्यापुढे सहीसाठी आली. तीत एक नाव असे होते की त्या गृहस्थांशी मी नऊ वर्षे बोललेलो नाही. मंडळीच्या हिशेबावरून त्यांनी मला भरसभेत एक शब्द वापरला होता, व मीही त्याहून वाईट एक वापरला होता. आता त्यांना आजाराने घरी बसवले आहे. मी सही केली. तेव्हा चिटणीस म्हणाले, “साहेब, हे घर तुमच्याच गल्लीत आहे, पाकीट तुम्हीच द्याल का?” मला नाही म्हणता आले नाही.

आज शनिवार. पाकीट माझ्या टेबलावर सहा दिवस पडून आहे. पत्नीने दोनदा विचारले. मोलकरणीच्या हाती पाठवावे, असेही एकदा मनात येऊन गेले. घर इथून तीस पावलांवर आहे, व त्यांच्या खिडकीत अजून दिवा दिसतो. हे लिहिणे संपवून मी चपला घालीत आहे.