वारीच्या वाटेवर वाचलेले पैसे

आषाढी करून वारकरी घरी आला की घरची मंडळी आधी त्याच्या पाया पडतात, मग प्रसाद मागतात, मग दर्शनबारीत किती तास लागले, पाऊस कुठे कुठे लागला, हे विचारून होते. आणि सगळ्यात शेवटी, पोरेबाळे चुरमुऱ्यांत गुंतली म्हणजे, कोणीतरी हळूच विचारते, "खर्च किती आला?" या प्रश्नाला आपल्यापैकी बरेच जण मोठ्या समाधानाने उत्तर देतात, "खर्च कसला! माउलीच्या कृपेने सगळं फुकटात झालं." आम्हीही एका वर्षी हेच उत्तर दिले होते. त्या उत्तराविषयी आज वाचक माउलींशी चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की काटकसरीवर आमचा राग नाही. काटकसर ही वारीच्या अंगचीच आहे. काशी-रामेश्वराची यात्रा पूर्वी ज्याच्या गाठीला द्रव्य असे त्यानेच करावी. पंढरीची वाट मात्र कुणब्याची, माळ्याची, मजुराची. पेरणी उरकावी, गळ्यात तुळशीची माळ असावी, खांद्यावर पताका घ्यावी आणि चालू लागावे. ना यज्ञ, ना याग, ना दक्षिणेचा दर. बारीत उभे राहण्याइतका वेळ किंवा पायांत बळ नसेल तर कळसाला हात जोडावेत, तेही दर्शनच. जुनी माणसे धपाटी, दशम्या, चटणीची पुरचुंडी बांधून निघत आणि दोन-चार रुपये कंबरेच्या कशात घट्ट गाठ मारून ठेवीत. १९०६ साली बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपुरापर्यंत आली, तेव्हाही परतीच्या भाड्यापुरतेच पैसे बाजूला काढून बाकीची वाट पायी करणारे पुष्कळ होते. त्यांना कोणी कंजूष म्हटले नाही.

आजही आमच्या दिंडीत अशा माउल्या येतात, की ज्या वर्षभर खुरपणीच्या मजुरीतून दहा-वीस रुपये डाळीच्या डब्यात खाली दडवून ठेवतात. त्या पैशांवर घरातल्या कोणाचा डोळा नसतो असे नाही. पण वारीचे पैसे म्हटल्यावर ते कोणी मागत नाही. अशी बाई वाटेत पाच रुपयांचा चहासुद्धा घेत नाही. ते पाच रुपये तिला चंद्रभागेच्या काठी बुक्का, कुंकू आणि शेजारणीच्या सुनेसाठी एक काचेची बांगडी घ्यायला हवे असतात. या काटकसरीपुढे आम्ही मस्तक ठेवतो. शिवाय तिने कर्ज काढलेले नसते. ज्या तुकोबांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली आणि कित्येक घरे ऋणातून मोकळी केली, त्यांच्या पालखीबरोबर सावकाराचे पैसे काढून चालणे बरे दिसत नाही. तेव्हा जपून खर्च करावा, यात शंका नाही. शंका पुढे आहे.

गोष्ट २०१६ च्या आषाढीची. आम्ही नुकतेच नोकरीतून निवृत्त झालो होतो. पेन्शन सुरू झाले होते, मुलगी सासरी गेली होती, डोक्यावर देणे नव्हते. त्या आधी जेव्हा जेव्हा रजा मिळाली तेव्हा दिंडीची भिशी भरूनच चाललो होतो. भिशीत दोन वेळचे जेवण, ट्रकमध्ये वळकटी आणि रात्री तंबूत कोपरा एवढे मिळते. त्या वर्षी डोक्यात एक विचार शिरला. आळंदीपासून वाखरीपर्यंत वाटेवर अन्नदान चालूच असते. सकाळी चहा-बिस्किटे, पुढे केळी, राजगिऱ्याचे लाडू, दुपारी पिठले-भाकरी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. झोपायला देवळाची ओसरी किंवा शाळेचा व्हरांडा. मग भिशी भरायची कशाला? म्हणून माळकऱ्यांत चालायचे पण दिंडीत नाव घालायचे नाही, असे ठरवले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण आम्ही जन्मभर हिशेबनिसाचे काम केलेले! एक लहान वही बरोबर घेतली आणि रोज रात्री काय खर्चले ते लिहिण्याऐवजी काय वाचवले ते लिहू लागलो. जेवण, इतके. चहा तीन वेळा, इतके. दाढी, वाटेवरच्या मोफत सेवेत, इतके. सासवड, जेजुरी, वाल्हे, एकेका मुक्कामाबरोबर बेरीज वाढत होती. लोणंदला पोहोचेपर्यंत आम्हांला त्या बेरजेची गोडी हरिपाठापेक्षा जास्त लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते सांगावे.

चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण झाले आणि तरडगाव जवळ आले तेव्हा पावसाने गाठले. मुक्कामावर चिखल, अंधार, आणि एका मांडवात जेवणाच्या पंगती चाललेल्या. दुपारी आम्ही दोन ठिकाणी जेवलो होतो. भूक अशी नव्हतीच. तरी वहीतली एक ओळ भरेल म्हणून पहिल्याच पंगतीला बसलो. भात, आमटी, लापशी. लापशी पुन्हा घेतली. हात धुऊन मांडवाच्या कडेला पथारी टाकून टेकलो. दुसरी पंगत उठली, तिसरी बसायला आली, आणि वाढपी पोरगा रिकामे पातेले घेऊन बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "माउली, माफ करा. संपलं सगळं."

माणसे पांगली. एक म्हातारी तेवढी आमच्या पथारीशेजारी येऊन बसली. बरोबर आठ-नऊ वर्षांचा नातू. बोलण्यावरून मराठवाड्याकडची वाटली. तिने गाठोडे सोडले, कसलासा भाकरीचा तुकडा काढला आणि पोराच्या हातात दिला. स्वतः पाणी प्याली. मग आमच्याकडे वळून सहज विचारले, "तुमचं झालं का जेवण, माउली?"

आम्ही म्हटले, "झालं."

"बरं झालं बया," ती म्हणाली, आणि नातवाच्या अंगावर पटकुर ओढून आडवी झाली.

तिच्या आवाजात टोमणा असता तर आम्हांला सोपे गेले असते. तो नव्हता. आमचे जेवण झाले याचे तिला खरोखरच बरे वाटले होते. आम्ही पिशवीत चाचपून पाहिले. पैसे होते, पण खायला काही नव्हते आणि त्या पावसात दुकाने कुठली! पहाटे तिला शोधले तर ती मंडळी पुढे निघून गेली होती. त्या रात्री वहीत काही लिहिले नाही.

आता कोणी म्हणेल की एका माणसाच्या दोन वाढ्या लापशीने तिसरी पंगत जेवली नसती. खरे आहे. हिशेबाने पाहिले तर नसतीच. पण आमच्यासारखे, पोट भरलेले आणि खिसा भरलेले, त्या पहिल्या पंगतीत किती होते, हे आम्हांला ठाऊक नाही आणि आम्ही एकटेच होतो असे मानायला मन तयार नाही. अन्नदानाचे अन्न आभाळातून पडत नाही. कोणा गावाने घरटी पायली-दोन पायली ज्वारी जमवलेली असते, बायका रात्रभर चुलीपुढे भाकऱ्या थापत बसलेल्या असतात, कोणी सरपण दिलेले असते. ते देताना त्यांच्या मनात वारकऱ्याची भूक असते. आमच्या वहीतली बेरीज त्यांच्या मनात खचित नसते.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर आमच्या जुन्या दिंडीचे विणेकरी भेटले. वयाने आमच्याहून वडील, बोलायला फटकळ. त्यांच्यापाशी मन मोकळे केले आणि म्हटले, "बुवा, ठरवलं. ज्याला ऐपत आहे त्यानं अन्नदानाच्या पंगतीला बसूच नये. आजपासून विकत घेऊन खाईन."

आम्हांला वाटले, शाबासकी मिळेल. बुवा भडकलेच. म्हणाले, "म्हणजे पंगतीत फक्त ज्यांच्यापाशी काही नाही तेवढेच बसवायचे? मग ती पंगत राहील का? ती भिकाऱ्यांची रांग होईल. तुम्ही पेन्शनवाले हॉटेलात आणि ती म्हातारी मांडवात. संतांनी एवढा खटाटोप त्यासाठी केला होय?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण बुवांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडतात ते काय वेतन विचारून पडतात? पंगतीला शेजारी कोण बसला आहे हे न पाहता बसणे, हीच तर वारीची कमाई. ऐपतवाल्याने वेगळे जेवायचे ठरवले तर आज पैशाने वेगळे, उद्या आणखी कशाने. म्हणजे बसलो तर दुसऱ्याच्या तोंडचा घास, न बसलो तर पंगतभेद. असा हा पेच आहे, आणि तो 'फुकट घेऊ नये' एवढ्या सोप्या वाक्याने सुटत नाही.

पुढे पौर्णिमेला गोपाळपुरी काल्याला गेलो तेव्हा थोडा उजेड पडला. काला वर्षानुवर्षे खात आलो होतो, पण तो केला कसा जातो याचा विचार कधी केला नव्हता. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या आणल्या. कोणाचे लोणी, कोणाचे शिळे तुकडे, कोणाचे नुसते ताक. सगळे एकत्र कालवले आणि मग वाटले. एकदा कालवल्यावर कोणाचे काय होते ते शोधता येत नाही. ज्याने काहीच आणले नाही त्यालाही घास मिळतो आणि त्याला कोणी विचारीत नाही. मात्र ज्याच्या घरी लोणी होते तो ते शिंक्यावर ठेवून रिकाम्या हाताने आला आणि काल्याला पहिला बसला, तर त्याला काय म्हणावे? आम्ही त्या वर्षी तेच केले होते. पंगतीला बसलो यात दोष नव्हता, शिदोरी घरी लपवून बसलो यात होता.

शिदोरी म्हणजे पैसेच असे नाही. गाडगेबाबा ज्या दारी भाकरी मागत तिथे आधी झाडून काढीत किंवा लाकडे फोडून देत, हे सर्वांना ठाऊक आहे. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांतली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. एवढ्या वास्तू उभ्या करणाऱ्याच्या अंगावर मात्र चिंध्या आणि हाती गाडगे. बाबांइतकी काटकसर कोणी केली? पण त्यांनी वाचवले ते स्वतःच्या देहावरचे. दुसऱ्याच्या पातेल्यातले नव्हे.

हा भेद मनाशी धरला म्हणजे बाकीचे किरकोळ प्रश्न फारसे छळत नाहीत. एस. टी.ने २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. ती सवलत राजरोस दिलेली आहे, ती घेण्यात लाज कसली! बहात्तर वर्षांच्या गृहस्थाने कंडक्टरपुढे वय वाढवून सांगणे मात्र वेगळे. (बायकोपुढे हेच गृहस्थ वय कमी सांगतात.) रेल्वेत विनातिकीट बसून "पांडुरंगाची गाडी आहे" म्हणणारे भेटतात. पांडुरंग विटेवर उभा आहे, त्याने गाडी काढलेली नाही. आषाढीला खोलीचे भाडे कोणी अवाच्या सवा सांगितले तर खुशाल घासाघीस करावी, नाहीतर वाळवंटात झोपावे. पण तुळशीच्या माळा विकणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नये. तिची सुगी चार वाऱ्यांची, आणि त्यातही पाऊस आला की माल भिजतो. आपण तिच्याकडून दहा रुपये सोडवतो आणि बाहेर येऊन चहा पितो.

आणखी एक जात आहे, तिच्याविषयी बोलणे नाजूक आहे. वाटेत पोटाला चिमटा घेऊन, बरोबरच्या म्हाताऱ्यालाही औषध न घेऊ देता, वाचलेले सगळे पैसे पंढरीत देवाच्या पेटीत टाकणारे. त्यांची भक्ती आम्ही मोजणार नाही. पण नाथांची गोष्ट आठवते. काशीहून गंगेची कावड रामेश्वरासाठी चाललेली, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या मुखात ओतले, असे सांगतात. इतके कोस थेंब थेंब जपलेले पाणी! तेही देवासाठीच वाचवले होते.

त्या वर्षी घरी आल्यावर "सगळं फुकटात झालं" हे उत्तर आम्ही सवयीने देऊन गेलो. घरातून प्रश्न आला, "फुकट म्हणजे कुणाच्या पैशानं?" आम्ही वही पिशवीतच ठेवली. पुढच्या वारीपासून भिशी पुन्हा भरू लागलो. दिवसातून एकदा अन्नदानाच्या पंगतीलाही बसतो, मात्र शेवटच्या पंगतीला आणि त्या आधी दोन पंगती वाढून झाल्यावर. तिसऱ्या पंगतीला पातेले तळाला लागलेले दिसले तर मुकाट्याने दिंडीच्या तंबूकडे वळतो. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. नातू आता मोठा झाला असेल, समोर आला तरी ओळखू येणार नाही.

हे सारे गेल्या खेपेस विणेकरी बुवांना मोठ्या समाधानाने सांगितले. त्यांनी वीणा दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "दोन पंगती वाढायच्या आणि एक जेवायचं. म्हणजे वही अजून चालूच आहे म्हणा की!"

यावर आम्हांला अजून उत्तर सुचलेले नाही. वाचक माउलींपैकी कोणाला सुचले तर येत्या आषाढीला तरडगावच्या मुक्कामी भेटावे. आम्ही बहुधा वाढपात असू.